आईच्या हातचं आणि सरकारच्या हातचं

आई गेली त्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाची तारीख ठरवताना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या आठवणी निघाल्या. 'काकूच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही,' असं एका चुलतभावाने लिहिलं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. त्याच संध्याकाळी त्याच भावाने लाडकी बहीण योजनेवर लिहिलं: आपल्या टॅक्सवर बायकांना घरबसल्या दीड हजार, लोकांना ऐतखाऊ करून ठेवलंय. त्यालाही तितकेच अंगठे.

मी उत्तर दिलं तर 'तुझं बरं आहे, तू तिकडे आहेस' असं आलं. खरंच आहे ते. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, महाराष्ट्राच्या तिजोरीत माझा एक पैसा जात नाही. तरी बोलते, कारण विषय माझ्या आईचा आहे.

आई लग्न होऊन बार्शीला आली 1971 साली, आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ. रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडायच्या, दुपारी मिलो ज्वारीची लालसर भाकरी कोरडीच खायच्या. आमचं घर त्याच रस्त्याला. आई त्यांच्यासाठी माठ भरून ठेवायची आणि शेंगदाण्याची चटणी वाटायची. पाण्यावरून सासूची बोलणी खायची ती वेगळीच. पुढे आमच्या लहानपणी पांगरी-वैरागकडची मुलं बार्शीत खोल्या करून शिकायची. त्यांचे डबे गावाहून एसटीने यायचे. एसटी बंद पडली की पोरं उपाशी. मग ती आमच्या पडवीत यायची आणि आई काही न विचारता तवा पुन्हा चढवायची. कुणाचा पोरगा, कुठली जात, बाप काय करतो, हे जेवून झाल्यावर कळलं तर कळायचं.

पण या औदार्याच्या गोष्टीत एक भाग कुणी सांगत नाही. आईकडे पैसे नव्हते. भाकरी तिच्या हातची होती, पीठ वडलांच्या पगाराचं. एखाद्या पोराच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे द्यायचे तर किराण्यातून वाचवलेले, डाळीच्या डब्यात लपवलेले. वडील कंजूस नव्हते, पण मागावं लागायचं. स्वतःचं असं तिच्याकडे होतं ते सोनं. ग्रुपवरच्या निदान दोघांच्या कॉलेजच्या फिया तिच्या पाटल्या गहाण ठेवून भरल्या गेल्या. नावं घेत नाही.

ती माझ्याकडे आली होती तेव्हा शेजारच्या जर्मन आजीला शेंगांच्या पोळ्या नेऊन दिल्या. दोन दिवसांनी डबा परत आला तो केक भरून. 'रिकामा नाही दिला हो,' म्हणून आई खूष. दोघींच्या मधे दुभाषी मी. बोलता बोलता शेजारीण म्हणाली की तिच्या पेन्शनमध्ये तीन मुलं वाढवल्याचे पैसेही येतात.

'मुलं वाढवल्याचे? कोण देतं?' आईने विचारलं.

सरकार देतं, म्हटलं. इथल्या पेन्शनमध्ये मूल वाढवण्याची वर्षं नोकरीसारखी धरतात. 1992 पासून जन्मलेल्या मुलामागे तीन वर्षं, त्याआधीच्यांना अडीच.

'मग माझे चौघांचे किती झाले?'

आम्ही हसलो. नंतर मी हिशेब केला. आजच्या दराने महिन्याला चारशे युरोच्या आसपास. लाडक्या बहिणीचे दीड हजार म्हणजे वीस युरोही नाहीत.

जर्मनी म्हणजे स्वर्ग नव्हे. कचऱ्याच्या डब्यांतून अनामत परत मिळणाऱ्या बाटल्या वेचणाऱ्या म्हाताऱ्या मी रोज पाहते. गरजूंना धान्य-भाजी देणाऱ्या इथल्या 'टाफेल' संस्थांत आधी गरिबीचा कागद दाखवावा लागतो. आईने तो कुणाकडे मागितला नसता. पण शेजारणीच्या पेन्शनवरून तिला ऐतखाऊ म्हणणारा मला इथे अजून भेटलेला नाही.

आणि आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? त्याच दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. तिच्या खर्चासाठी 1975 साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, 1977 साली कायदा झाला, पुढे 2005 साली देशाने तीच वाट धरली. पगारदारांच्या कराने खडी फोडणाऱ्यांना मजुरी देणं महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वी जमलं होतं.

लाडकी बहीण मला त्या तोडीची वाटत नाही. जून 2024 मध्ये घोषणा, नोव्हेंबरच्या मतदानाआधी खात्यात हप्ते, प्रचारात 2100 चं आश्वासन आणि निवडणूक झाल्यावर नावांची छाननी. हे सगळं दिसतंय. तिजोरीला झेपेल का, हा प्रश्नही रास्त आहे. तो विचारा, आकडे मांडा. पण 'घरबसल्या' हा शब्द तिजोरीबद्दलचा नाही. तो बायकांबद्दलचा आहे. आई पन्नास वर्षं घरबसल्याच होती, आणि त्या बसण्यावर अर्धा ग्रुप जेवला.

माझी तक्रार उलटी आहे. योजनेत वयाची अट 21 ते 65. त्यापुढे गरिबीचा दाखला दाखवला तर दुसऱ्या योजना आहेत, पण ते निराधार म्हणून, केलेल्या कामाबद्दल नव्हे. म्हणजे जिने चार मुलं वाढवली, नातवंडं सांभाळली, सासू-सासऱ्यांचं केलं, ती बहीण पासष्टीला संपते. पेन्शन तिथून सुरू व्हायला हवी. रक्कम कमी ठेवा, पण ती कायद्याने बांधा आणि निवडणुकीपासून तोडा. पैसे घरच्यांच्या हातात न देता तिच्याच खात्यावर जमा करा. मग त्यातलं ती कुणाला वाटेल ते तिचं तिला ठरवू द्या.