कोलाडची ट्रिप आणि "नाही" म्हणणारा पोरगा

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडचं नाव काढलं (तिथे नदीवर राफ्टिंग, झिपलाइन वगैरे साहसी खेळ चालतात) की ट्रेक करणाऱ्या मंडळींची नाकं मुरडतात, हे मी बरीच वर्षं बघतेय. "पैसे देऊन तारेला लटकायचं, त्यात कसलं आलंय जंगल?" हे वाक्य आमच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणी ना कुणी टाकतंच. ज्यांनी अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले केलेत त्यांना हेल्मेट घालून रांगेत उभं राहणं म्हणजे पोरखेळ वाटतो. मीही सह्याद्रीत थोडीफार हिंडलेय, पण या बाबतीत माझं मत बरोबर उलटं आहे. अशा ट्रिपा जरूर कराव्यात. फक्त कुणाबरोबर करतोय ते नीट बघावं, आणि ते कसं बघायचं यावरच हे लांबलचक लिहितेय.

यंदा फेब्रुवारीत घरचं सगळं खटलं घेऊन गेले होते. नवरा, नणंद, दोन भाचे (एक बारावीतला, एक नुकताच नोकरीला लागलेला, म्हणजे दोघंही सर्वज्ञ) आणि साठी ओलांडलेली आत्या. आत्या "मी आपली नुसती बघायला येते" म्हणत होती, पण कपड्यांचा जास्तीचा जोड तिने सगळ्यांच्या आधी बॅगेत भरला होता. पुण्याहून पहाटे निघालो, मुळशीवरून ताम्हिणी उतरलो. घाटात काटेसावर अशी फुलली होती की गाडीतले दोन्ही मोबाइल काही वेळ खाली गेले.

आता नदीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिथल्या एकाही पोस्टरवर नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या नद्या गोट्यागोट्यांतून जेमतेम वाट काढत असतात. कोलाडच्या कुंडलिका नदीत मात्र त्याच दिवसांत राफ्ट, म्हणजे रबरी होड्या, चालतात. कारण हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच, ते मुळा नदीचं आहे. मुळशी धरणात अडवलेलं पाणी घाटमाथ्यावरून पाइपांतून खाली भिऱ्याला पडतं, उंचीचा फरक पाचशे मीटरच्या आसपास. तिथे टाटांचं वीजघर १९२७ पासून आहे. टर्बाइन फिरवून झालं की पाणी कुंडलिकेला मिळतं. एरवी जे पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात गेलं असतं, ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. आणि याच धरणासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली गेली, १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला, लोक तुरुंगात गेले, धरण तरीही झालंच. आपण ज्या पाण्यात "वूऽऽहू" करत ओरडतो त्याच्या मागे एवढं सगळं आहे. पोस्टरवाले मात्र "अस्पर्श जंगलातली रानटी नदी" असं छापतात. अहो, ही नदी विजेच्या मागणीवर चालते! सकाळी वीजघर किती वाजता सुरू होणार त्यावर तुमच्या नाश्त्याची वेळ ठरते. तिथल्या पोरांच्या तोंडी सकाळपासून एकच प्रश्न असतो, "पाणी सोडलं का?"

हे नुसतं इतिहास म्हणून सांगत नाहीये. ज्या काठावर तासाभरापूर्वी पोरं दगडावर बसून पाय बुडवत होती, तो दगड पाणी आल्यावर दिसेनासा होतो. वर आभाळात ढगाचा टिपूस नाही, म्हणजे नदी वाढण्याचं काही कारण तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. स्वतःची गाडी काढून, कुणाला न विचारता, कुठल्याही काठाला उतरून पोहणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आमच्या बरोबर गाइड म्हणून जो पोरगा होता तो नदीकाठच्याच गावातला. नाव लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. वय असेल पंचविशीच्या आतबाहेर, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. पहिली ओळख जीपमध्ये झाली. जुनी, टप उघडा असलेली महिंद्रा मेजर होती. डांबरी रस्ता सोडून वरकस जमिनीतून, भाताच्या कापलेल्या खाचरांच्या कडेने वर चढत जाणारी वाट. एका मोकळ्या टप्प्यावर त्याने मोठ्या भाच्याला स्टिअरिंग दिलं आणि स्वतः शेजारी बसला. भाच्याने चाक असं घट्ट पकडलं की दोन्ही अंगठे आत. पोरगा म्हणाला, "दादा, अंगठे बाहेर. दगडाला चाक लागलं की स्टिअरिंग उलटं फिरतं, अंगठा मोडेल." मग उतार आला. भाच्याचा पाय सवयीने क्लचवर. "क्लच नको, ब्रेक पण नको. फोर-लोमध्ये पहिला गियर आहे, तिला तिची ती उतरू द्या." (फोर-लो म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात संथ गियर.) आणि ती खरंच उतरली, इंजिनाच्या जोरावर अडखळत, म्हातारं माणूस जिना उतरतं तशी. ऑनलाइन व्हिडिओ बघून फोर-बाय-फोरवर तासन्‌तास भाषण देणारा हा मुलगा त्या पाच मिनिटांत जेवढं गप्प बसून शिकला तेवढं कॉलेजात शिकला नसेल.

खाली उतरल्यावर छोटा भाचा म्हणाला, गाडी ओढ्यातून घालू या ना, रील मस्त येईल. पोरगा म्हणाला, "नाही." का, तर खाली वाडीचं प्यायचं पाणी याच ओढ्यावर, आणि या दिवसांत असलेलं पाणी एकदा गढूळ झालं की दिवसभर निवळत नाही. इथे माझं त्याच्याशी शंभर टक्के जमलं. ओढ्याच्या पात्रात गाड्या नाचवणं याला ऑफ-रोडिंग म्हणत असतील तर म्हणोत. जंगलखात्याच्या हद्दीत घुसून टायरचे चर पाडणारे वीरही मला ठाऊक आहेत. सोमवारी हीच मंडळी स्टेटसला "सेव्ह सह्याद्री" टाकतात.

झिपलाइन नदीवरून आहे. या काठावरून त्या काठावर. लांबून बघताना काहीच वाटत नाही, कठड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. आत्या अर्थातच पुढे. तिची ओढणी पोराने आधी काढून ठेवायला लावली, केस हेल्मेटच्या आत खोचायला लावले, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. पुलीत काय काय अडकू शकतं याची त्याची यादी ऐकून नणंदेने कानातलेही काढले. मग त्याने हार्नेसचे मांडीचे पट्टे ओढून बघितले, छातीचा बघितला. दोन पट्टे, दोन हुक. प्रत्येक हुकाचा फिरकीचा लॉक फिरवून बंद केला, बोटाने उलटा दाबून बघितला, आणि मोठ्याने म्हणाला, "लॉक." शेजारी उभ्या दुसऱ्या पोराने पुन्हा हात लावून बघितलं आणि तोही म्हणाला, "लॉक." मग पलीकडच्या काठावरून हात वर झाला, तेव्हा कुठे आत्या सुटली. आमच्या सगळ्यांच्या वेळी हेच. दुपारच्या उन्हात, रांग वाढलेली, मागून लोक "चला ना लवकर" करताहेत, तरी तेच शब्द, तोच क्रम. जराही घाई नाही.

रांगेत मुंबईकडचं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा असेल सात-आठ वर्षांचा, काटकुळा. पोराने त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाला, याला एकट्याला नाही पाठवता येणार. हलकं मूल मधेच थांबतं, मग नदीच्या वर लटकलेल्या मुलाला आणायला माणसाला जावं लागतं, आणि तोवर ते मूल घाबरून हातपाय झाडतं. वडील तापले. "मी सगळ्यांचे पैसे भरलेत. मागच्या वर्षी दुसरीकडे सोडलं होतं त्याला." मग आवाज खाली आणून पाकिटात हात घातला. पोरगा तेवढ्याच आवाजात म्हणाला, "साहेब, त्याचे पैसे परत घ्या. मी नाही सोडणार." बस. वाद नाही, उपदेश नाही. ते गृहस्थ बराच वेळ फणफणत होते, मालकाला फोन लावत होते. मालकानेही पोराचीच बाजू घेतली, हे मला विशेष वाटलं. कारण असा पोरगा टिकतो तो मागे असा मालक असला तरच.

माझा मुद्दा हाच आहे. आपण पैसे देतो ते तारेचे नाहीत, जीपचे नाहीत. तार काय, कुणीही बांधेल. पैसे आहेत ते या "नाही"चे. एप्रिल २०२५ मध्ये भोर तालुक्यातल्या एका पार्कात झिपलाइनची तयारी करताना तिशीच्या आतली तरुणी उंचावरून पडून दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये मनालीला झिपलाइनवरून पडलेल्या नागपूरच्या शाळकरी मुलीचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, सुदैवाने ती वाचली. अशा बातम्या आल्या की दोन दिवस "बंद करा हे सगळं" चालतं, मग पुन्हा शनिवार येतो. बंद करून काय होणार? लोक पाण्याकडे जाणारच. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे ना गाइड होता ना लाइफ जॅकेट. त्या पाचांत लहान मुलं होती.

सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची केली. चांगलंच केलं. पण बुकिंग करताना फोनवर "नोंदणीचा कागद पाठवता का?" असं विचारून बघा एकदा. कुणी लगेच पाठवतं, कुणी म्हणतं "मॅडम, इथे सगळे असंच करतात". दुसरं उत्तर आलं की फोन ठेवायचा. घाटावरच्या एका ठिकाणी (नाव नको) मी स्वतः कठड्यावरून परत फिरले आहे. हुक लावणारा मुलगा एका हाताने फोनवर बोलत होता आणि दुसऱ्या हाताने माझा पट्टा ओढत होता. पैसे परत मिळाले नाहीत. चालेल.

बरं, पोहणं. राफ्टिंगबद्दल सगळेच लिहितात, ते मी सोडते. शेवटच्या संथ टप्प्यात पाण्यात उतरू देतात ते मला सगळ्यात आवडलं. जॅकेटचे पट्टे इतके आवळतात की श्वास मोजून घ्यावा लागतो, आणि तसेच आवळायला हवेत, नाहीतर पाण्यात तुम्ही खाली आणि जॅकेट कानाशी. "उताणे व्हा, पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर. काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडात पाय अडकला तर पाणी पाठीवरून ढकलतं आणि तोंड खाली जातं." हे आमच्या पोराने दोनदा सांगितलं आणि आत्याकडून वदवून घेतलं. पाणी गार म्हणजे एवढं गार की पहिल्यांदा ओरडायलाही आवाज फुटत नाही. मग अंग सरावतं. पाण्याच्या पातळीला डोळे आणून नदी बघणं हे काही वेगळंच आहे. करंजाची फांदी डोक्यावरून सरकते, खंड्या तुमच्याकडे दगड समजून बघतो, काठावरच्या धुणं धुणाऱ्या बायका अगदी तुमच्या उंचीवर येतात आणि तुम्हाला हसतात. ट्रेकमध्ये आपण सगळं वरून बघत असतो. नदी मात्र तुम्हाला खालून बघायला लावते.

मोठ्या भाच्याला जॅकेट काढून पलीकडच्या काठाला हात लावून यायचं होतं. पोहण्याचं जिल्हा पातळीवरचं मेडल आहे त्याचं, ते त्याने सांगितलंही. पोरगा हसला. "दादा, पोहता येत नाही ते काठाला बसतात. आम्ही बाहेर काढतो ते पोहता येणारे असतात." भाचा जॅकेटसकट पोहला.

तक्रारी आहेतच. स्पीकर. नदीकाठी तंबू टाकणारे रात्री दहानंतरही डीजे लावतात आणि समोरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी कानात बोळे घालायचे? दुसरं, दारू. सकाळी राफ्टमध्ये बसायचंय हे माहीत असून रात्री बसणारे ग्रुप मी बघितले, त्यातल्या दोघांना सकाळी आमच्याच पोराने काठावर ठेवलं, तेही एक "नाही". आणि तिसरं जरा दुखणारं: जाहिरातीत "सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर" म्हणून जे फोटो असतात त्यात ही गावातली पोरं कधीच नसतात. नदीवरचं हे काम नसतं तर त्यांनी रोह्याला धाटावच्या कारखान्यांत कंत्राटी लागायचं किंवा नवी मुंबई गाठायची. नदी ज्यांना पाठ आहे त्यांना नदीवर पोट भरता येतंय, एवढ्यासाठीसुद्धा मी या ट्रिपांच्या बाजूने आहे. निघताना टिप मालकाच्या काउंटरवर देऊ नका, पोराच्या हातात द्या.

संध्याकाळी त्याच वाडीत पोपटी खाल्ली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्ड्याच्या पाल्यात मडकं गच्च भरून पेटवलेली. त्याबद्दल स्वतंत्र पोस्ट लिहिते, ते असं शेवटच्या ओळीत उरकण्यासारखं नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: आदल्या दिवशी फोन करून उद्या पाणी सोडणार का ते विचारा, वीजघराला सुट्टी असेल तर नदीलाही असते. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, स्लिपर पहिल्या पाच मिनिटांत जातात. चष्मेवाल्यांनी दोरी लावा. आमच्या ह्यांचा चष्मा सध्या रेवदंड्याच्या वाटेवर आहे.