पांढरी पाचचा अँप्लिफायर

घरी बनवलेला अँप्लिफायर कधी पूर्ण होत नसतो, तो कायम झाकण लावायच्या बेतात असतो. माझ्यात आवाज वाढवणारे दोन टीडीए २०५० आयसी, १२-०-१२ चा पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि हमिंग, म्हणजे स्पीकरची भुणभुण. गाणं बंद असलं तरी हमिंग चालू, त्यामुळे सांगलीत लाईट आहे की गेलीय हे आमच्या गल्लीला माझ्या स्पीकरवरनं कळायचं.

सासरे मिरजेचे, भजनात पेटी वाजवतात, तंबोऱ्यांच्या गावात आयुष्य गेलेलं. सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाव्हणं, पांढरी पाचला लागलाय बघा, पण जरा चढा हाय." पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मी हिशोब केला तर बरोबर की राव! आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायर उलटी अर्धी लाटपण सुलटी करतो म्हणून भुणभुण १०० ची, आणि त्या सप्तकातली पांढरी पाच ९८ ला. एवढा कान असलेल्या माणसाने मला मुलगी कशी दिली कळत नाही.

मग पॉवर सप्लाय सुधारायला घेतला. वीज साठवून सपाट करणारे २२०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून १०,००० चे आणले, कारण एक अँपिअर ओढला की जुन्यावर ढोबळमानाने साडेचार व्होल्टचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार), नव्यावर एकच व्होल्ट. बायकोने किंमत विचारली, मी मायक्रोफॅरड सांगितले.

जोडलं, चालू केलं, तर बेस दणदणीत आणि हमिंग आधीपेक्षा जास्त! आता त्यात करवतीसारखी धारपण होती. भानगड अशी की कपॅसिटर मोठा झाला की चार्जिंगचे झटके आखूड पण जोरदार होतात, आणि हे झटके ज्या ग्राउंडच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक परतीच्या, वायरीतनं जातात तिलाच इनपुटचं ग्राउंड चिकटवलेलं असलं की आयसी तेच गाणं समजून वाढवून देतो, त्याचा काय दोष, त्याचं कामच ते. उपाय फुकटचा निघाला, म्हणून कदाचित कुणी आधी सुचवत नाही. रेक्टिफायरचं ग्राउंड कपॅसिटरपाशी संपवायचं, तिथनं एकच वायर पुढच्या बोल्टला, आणि स्पीकर, इनपुट, बोर्ड सगळ्यांच्या वायरी वेगवेगळ्या त्याच बोल्टवर. रात्री जेवण गार होईपर्यंत सोल्डरिंग मारलं. स्पीकरला कान लावला तर काहीच नाही. बंद पडलाय वाटून मी परत स्विच तपासला.

बायकोला बोलावून मोबाईलवरनं हळू आवाजात नाट्यगीत लावलं आणि नेमकी लाईट गेली. सगळीकडे अंधार, पण कपॅसिटरमधल्या चार्जवर गाणं थोडा वेळ चालूच राहिलं, मग फाटत फाटत बंद पडलं.

"अहो, लाईट गेल्यावरपण वाजलं की!" तिच्या आवाजात पहिल्यांदाच आदर. "मग इन्व्हर्टर कशाला घ्यायचा, असलेच दोन डबे फ्रिजला लावा."

मी म्हटलं, अगं दोन्ही मिळून तीन ज्यूलसुद्धा नाहीत, फ्रिजमधला बल्बपण पेटायचा नाही.

"मग किंमत किती होती म्हणालात?"