भोंगा असावा, पण वाजू नये

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन तोंडावर आला, ऑडिटरही येतोय आणि कारखान्यात धोक्याच्या सूचना लावायच्या राहून गेल्यात? घाबरू नका साहेब, एका दुपारचं काम आहे.

आधी फ्लेक्स छापून घ्या. मधोमध एमडींचा हात जोडलेला फोटो, वर सोनेरी अक्षरांत ‘सुरक्षा हीच आमची संस्कृती’. ‘ॲसिड लाइन, हात लावू नये’ हे तळाशी, प्रिंटिंगवाल्याच्या मोबाइल नंबरशेजारी बसेल, तेही इंग्रजीत. कंत्राटी पोरांना वाचता येणार नाही, पण ऑडिटरला येईल. लाल गोल म्हणजे मनाई, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, हिरवा म्हणजे बाहेरची वाट, असली रंगांची शिस्त पाळू नका. कंपनीचा लोगो जांभळा आहे ना? मग सगळंच जांभळं.

आता आवाज. इशारा गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवा म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही चिरका, उंच पट्टीतला बझर घ्या. वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकायच्या धडधडाटात, काढलेल्या माणसाला आधी तीच पट्टी ऐकू येईनाशी होते, तेव्हा त्याच्या कामात व्यत्यय नाही. आग, गॅसगळती आणि जेवणाची सुट्टी यांना भोंगा एकच ठेवा. लोक डबे घेऊन का होईना, बाहेर तर येतील.

कंट्रोल रूममध्ये मात्र हात आखडू नका. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत १९९४ मध्ये स्फोटाआधीच्या शेवटच्या अकराएक मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. सव्वादोन-अडीच सेकंदांना एक! एवढी मजल एकदम गाठता येणार नाही, पण फिल्टर तुंबला, पंप थांबला, दार उघडं राहिलं, सगळ्याला एकच लाल दिवा आणि एकच पीं-पीं लावून सुरुवात करा. महिन्याभरात ऑपरेटर पॅनेलकडे न बघता पीं-पीं गप्प करायचं बटण दाबायला शिकतो. हुशार असेल तर बटणात आगपेटीची काडी खोचून वर टेप मारतो. त्याला रागावू नका.

तरीही कटकट वाटली तर भोंगाच बंद करा. दाखले मोठमोठ्यांचे आहेत. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. बारीकसारीक गळतीने लोक उगाच घाबरू नयेत, अशी पद्धतच होती. समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’वर २०१० मध्ये मुख्य अलार्म आपोआप वाजणार नाही असाच ठेवलेला होता, कारण खोट्या इशाऱ्याने पहाटे तीनला माणसं उठायला नकोत. स्फोट झाला, अकरा जण गेले.

राहिलं मॉक ड्रिल. तारीख आठवडाभर आधी बोर्डावर लावा, वेळ चहानंतरची ठेवा. ऐनवेळी भोंगा वाजलाच नाही तर वॉचमनला शिट्टी फुंकायला सांगा आणि फोटो काढून घ्या. फोटोत आवाज येत नाही.