उताऱ्याचा एक तृतीयांश करताना

सारांशलेखन शिकवायचं तर आधी उतारा वाचावा लागतो, असं नवख्या मराठी शिक्षकांना वाटतं. तुम्ही त्या फंदात पडू नका. उताऱ्यातले शब्द मोजा आणि तीनने भागा. भागाकार बरोबर आला की अर्धा तास निभावला. उरलेल्या अर्ध्यात शीर्षक. ते दोन शब्दांचं असावं आणि त्यातला एक 'महत्त्व' असावा.

उतारा शक्यतो गोव्यातलाच घ्यावा, म्हणजे तपासणीला आलेले साहेब खूश होतात. मी खाजन शेतीवरचा घेतो, 120 शब्दांचा. मांडवी-जुवारीच्या काठची सखल जमीन, तिला घातलेले बांध आणि बांधात बसवलेलं मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने मानसाची लाकडी दारं उघडतात, शेतात साचलेलं पाणी नदीत जातं. भरती आली की नदीच्याच रेट्याने दारं मिटतात आणि खारं पाणी बाहेर थांबतं. वीज नाही, बटण नाही. उताऱ्याचा सगळा जीव त्या दारात आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल तर मनातच ठेवा. मुलांना सांगा, पहिलं वाक्य घ्या, शेवटचं घ्या, 'उदाहरणार्थ'च्या पुढचं सगळं गाळा. मानस नेमकं 'उदाहरणार्थ'च्या पुढे आहे, ते आपोआप गळतं. मग वहीत उरतं ते असं: खाजन ही गोव्याची प्राचीन शेती असून तिचे जतन करणे ही काळाची गरज आहे. काळाची गरज मूळ उताऱ्यात कुठेच नव्हती. ती कुठून येते ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही, पण येते, चाळीसपैकी पस्तीस वह्यांत येते.

'स्वतःच्या शब्दांत लिहा' हे फळ्यावर जरूर लिहा, पण फार जोर देऊ नका. आमच्या पोरांचे स्वतःचे शब्द घरचे, म्हणजे कोंकणी. फेरीबोटीने शाळेत येणाऱ्या एका मुलीने ही सूचना मनावर घेतली. तिने लिहिलं, 'सुकतीला दार उघडतं, भरतीला मिटतं, म्हणून खारं पाणी शेतात येत नाही.' मी 'सुकती'भोवती लाल गोल काढला, वर 'ओहोटी' लिहिलं आणि शब्द मोजले. अकरा. चाळीसला एकोणतीस कमी. पाचपैकी दोन दिले, त्यातला एक अक्षराला.

पुराव्याचं त्याहून सोपं. 'पाठाच्या आधारे स्पष्ट करा' असं विचारलं की पाठातलं एखादं भारदस्त वाक्य उचलायचं आणि दोन्हीकडे अवतरणचिन्हं लावायची. ते कोण बोललं, कुणाला बोललं, कशावरून बोललं, या चौकशीत वेळ जातो. सरसकट 'लेखक म्हणतो' लिहायला लावा. कथेतला सावकार 'गरिबाला दया दाखवू नये' म्हणाला तरी लेखक म्हणतो. बिचाऱ्या लेखकाने तो सावकार रंगवायला चार पानं खर्च केलेली असतात, ती गेली. वाक्य झालं की 'यावरून हे स्पष्ट होते' हवंच. काय स्पष्ट होते ते लिहायला ओळी सोडलेल्या नसतात, त्यामुळे तिथेच पूर्णविराम. एकदा एका मुलाने उठून विचारलं, "सर, 'यावरून' म्हणजे कशावरून?" त्याला मी खडू आणायला पाठवलं.

निबंधासाठी तुकोबा कायम हाताशी ठेवा. झाड दिसलं की 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'. त्याच अभंगात पुढे तुकोबांना एकांताचा वास रुचतो आणि शेवटी त्यांचा वादसुद्धा स्वतःशीच चालतो, हे कुणी काढलं तर आपल्या वनमहोत्सवाचा फोटो दाखवा. मंडप, लाऊडस्पीकर, तीनशे मुलं आणि एक रोप.

पालकसभेला त्या मुलीचा बाप आला. पेपर बराच वेळ धरून उभा होता. मग लाल गोलावर बोट ठेवून म्हणाला, "सर, हें चुकलें?"

मी त्याला नमुना उत्तर दाखवलं. प्राचीन शेती, जतन, काळाची गरज, सगळं वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली.

"आणि दार खंय गेलें?"

दार उदाहरणात मोडतं, मी समजावलं, आणि सारांशात उदाहरण घेत नाहीत. त्याने पेपराची नीट चौघडी करून खिशात घातली. मानसाला जाळं लावायचं होतं त्याला.

"वतां सर. चारांक सुकती."

ओहोटी, असं मी म्हणेपर्यंत तो फाटकाबाहेर पडला होता.