रेघ कुठे ओढली?

संगणक हृदयातला व्रण (स्नायूत तयार झालेला तंतुमय डाग) सेकंदांत मोजतो असं तुमच्या लेखात आहे, पण मोजतो कसा ते राहिलंच. एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं द्रव्य देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं. म्हणून १०-१५ मिनिटांनंतरच्या चित्रात व्रण पांढरा दिसतो. (शेजारचं रक्तही उजळच दिसतं, त्यामुळे आतल्या कडेचा व्रण सुटा करणं कटकटीचं.) आता किती पांढरा म्हणजे व्रण? कुणी निरोगी भागाच्या सरासरीवर ५ प्रमाण विचलनं (उजळपणातल्या नेहमीच्या चढउताराचं माप) धरतो, कुणी व्रणातल्या कमाल उजळपणाच्या निम्मं. पद्धत बदलली की त्याच रुग्णाचा आकडा बदलतो! हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात) डाव्या जवनिकेचा, म्हणजे खालच्या कप्प्याचा, सुमारे १५ टक्के स्नायू व्रणग्रस्त असेल, तर आयसीडी (धोकादायक ठोके झटका देऊन थांबवणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवण्याच्या निर्णयात ते धरलं जातं. मग तुम्ही वर्णिलेल्या प्रणालीत कुठली पद्धत वापरली आहे?