आधी ट्रॅक उखडा म्हणे!

पुण्यात फुटबॉलचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. "बालेवाडीच्या स्टेडियममधला धावण्याचा ट्रॅक उखडून टाका" आणि "म्युनिकसारखं दिव्यांचं स्टेडियम आपल्याकडे का नाही?" बहुतेक वेळा दोन्ही एकाच तोंडून. म्युनिकमध्ये राहून हे ऐकलं की डोकं फिरतं, कारण म्युनिकने ट्रॅक उखडलाच नाही. १९७२ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम तसंच ठेवलं आणि शहराच्या उत्तर टोकाला, फ्रॉटमानिंगला, दुसरं बांधलं: तेच दिव्यांचं, अलियान्झ अरेना. २००५ साली ते उघडलं.

ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब पडतो ही तक्रार खोटी नाही, पण आधी मापं घ्या. प्रमाण ट्रॅकचा सरळ भाग ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, त्यावर १.२२ मीटरच्या आठ लेन. टोकापासून टोकापर्यंत साधारण १७७ मीटर. फुटबॉलचं मैदान १०५ मीटरचं. म्हणजे गोलमागचा प्रेक्षक गोलरेषेपासून किमान ३६ मीटर लांब. बाजूच्या स्टँडला मात्र बाराच मीटर. खरं दुखणं गोलमागे आहे. श्टुटगार्टने २००९ ते २०११ मध्ये ट्रॅक काढला तेव्हा मैदान १.३० मीटर खाली नेलं आणि दोन्ही टोकांचे स्टँड पाडून मैदानालगत नव्याने उभारले. नुसता ट्रॅक खरवडलात तर प्रेक्षक जागच्या जागी, धावणारी पोरं रस्त्यावर. आणि मैदान खाली न्यायचं तर निचरा आणि पंप आधी, नाहीतर जुलैत तळं.

आता दिवे. फोटोत उजळलेल्या दिसतात त्या स्टेडियमच्या बाहेरच्या आवरणातल्या, ०.२ मिलिमीटर फॉइलच्या, सतत हवा भरत ठेवाव्या लागणाऱ्या गाद्या. दिसायला सुंदरच, पण सामना दिसतो तो स्टँडच्या उतारामुळे: खालचा मजला २४ अंश, मधला ३०, वरचा ३४. पुढच्याच्या डोक्यावरून नजर ९ सेंटिमीटर तरी वर जायला हवी, ६ म्हणजे निभावणं. असा उभा वाडगा वरून झाकला की गवताला ऊन पुरत नाही, मग त्यावर दिव्यांचे गाडे फिरवायचे. त्या बिलाचा फोटो कोणी टाकत नाही.

शिवाय इथे स्टेडियम बांधण्याआधी २००१ मध्ये त्यावर जनमत घेतलं. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला, मग तिथलं यू-६ या मेट्रो मार्गाचं स्टेशन वाढवलं. आपण गहुंज्याला एक्सप्रेसवेच्या कडेला क्रिकेटचं स्टेडियम बांधलं आणि प्रेक्षकांना सांगितलं, या आपापले.

परदेशात बसून शहाणपण शिकवतो, असं म्हणाल. शिकवतो. उद्या म्युनिकमध्ये असंच जनमत झालं तर भारतीय पासपोर्टवर मला मत नाही, आणि पुण्याच्या मतदारयादीत नाव असून मी मतदानाला नसतो. म्हणून इतक्या लांबून भांडतो. ट्रॅक राहू द्या. फुटबॉलला वेगळी जागा मागा, आणि ती मेट्रोच्या स्टेशनापासून पायी जाता येईल अशीच मागा.