नाचणाऱ्याचे पाय कसे कापावेत

जुना हॉलिवूडचा नाच-गाण्यांचा सिनेमा चार लोकांना दाखवायचं मनात आलंय? उत्तम. परवाच एका हौशी मंडळाच्या खेळाला 'सिंगिंग इन द रेन' बघून, म्हणजे त्यातला जेवढा दाखवला तेवढा बघून, आलो. १९५२ चा एमजीएम स्टुडिओचा चांगला धडधाकट सिनेमा एक रिमोट आणि एक स्पीकर एवढ्याच साहित्यात कसा मारता येतो, याचं ते प्रात्यक्षिक होतं. ही विद्या एका मंडळापुरती राहू नये, म्हणून हा खटाटोप.

प्रास्ताविक चाळीस मिनिटांचं ठेवा. मग "वेळेअभावी" म्हणत सिनेमा कापायला तुम्ही मोकळे.

आता मुख्य काम. चित्र पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलंच पाहिजे. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं तंत्र, आलं १९५३ मध्ये. त्याआधीच्या या सिनेमांची चौकट जवळपास चौरस, उंची १ तर रुंदी १.३७. आपला आजचा पडदा १.७८. साहजिकच डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतात आणि कुणीतरी मागून ओरडतो, "अहो, चित्र लहान दिसतंय!" घाबरू नका. झूम दाबा. रुंदी भरते, वरून-खालून मिळून २३ टक्के चित्र उडतं आणि हॉलमध्ये समाधान पसरतं. घरीही हेच करावं. ५५ इंचांच्या टीव्हीचे पैसे मोजल्यावर ४६ इंचांचं चित्र कोण बघणार?

आता हे २३ टक्के म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न एखाद्या चिकित्सकाला पडेल. वरून टोपी आणि खालून पाय. बाकी सगळं शाबूत असतं. त्या काळचा नावाजलेला नर्तक-नट फ्रेड अ‍ॅस्टेअर याचा आयुष्यभर हट्ट होता की नाचताना डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस चौकटीत हवा आणि मध्ये कापाकापी शक्यतो नको. कारण एकदा का चेहऱ्याचा क्लोज-अप, मग पायांचा, मग टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांचा असे तुकडे जोडले, की न नाचणारा माणूससुद्धा नाचल्यासारखा दिसतो. नायक जीन केली आणि स्टॅन्ली डोनन या दिग्दर्शक जोडीने 'सिंगिंग इन द रेन'मध्ये कॅमेरा भरपूर फिरवला, पण पाय सोडले नाहीत. त्या पावसातल्या गाण्यात केली एक पाय फुटपाथच्या कडेवर आणि दुसरा खालच्या पाण्यात टाकत लंगडत चालतो. तुमच्या झूममध्ये ना कड दिसते ना पाणी. दिसतो तो कमरेतून हेलकावे खाणारा एक ओला इसम. त्याला काय झालंय, कुणाला कळत नाही. लोक हसतात. त्या नाचाच्या हिशोबाने रस्त्यात खड्डे करून घेतले होते, कुठलं पाऊल कुठल्या डबक्यात पडणार हे आधी ठरलेलं होतं, केलीच्या अंगात १०३ अंश ताप होता. आणि आपण ती डबकीच पडद्याबाहेर काढून टाकली, कारण काय, तर पट्ट्या बऱ्या दिसत नाहीत! उद्या लावणीचा कार्यक्रमही गुडघ्यापासून वरच दाखवा. घुंगरं ऐकू आली की झालं.

झूम नको असेल तर ताणा. त्याने काहीच कापलं जात नाही, फक्त प्रत्येक गोष्ट ३० टक्के रुंद होते. केली छत्री घेऊन रस्त्यात गिरक्या घेतो तेव्हा त्याचा हात वर असताना आखूड आणि आडवा झाला की लांब होतो. पाहणाऱ्याला मोफत करमणूक. यातली नर्तिका सिड शरिस हिचे पायही भरदार दिसू लागतात.

टीव्हीवरचं 'मोशन स्मूदिंग' चालूच ठेवा, दुकानातून तसंच येतं. सेकंदाला २४ चित्रं ही गरिबी झाली. उरलेली चित्रं टीव्ही आपल्या मनाने रंगवून मध्ये घालतो. पावसाच्या धारांमध्ये त्याचा गोंधळ उडतो आणि उसळलेल्या पायाभोवती धुरकट वलय दिसतं, पण चित्र कसं मालिकेसारखं गुळगुळीत वाटतं.

ब्राइटनेस पूर्ण वाढवा. हा पाऊस दिसतो तो मागून टाकलेल्या उजेडामुळे. काळोख्या रस्त्यावर धारा चमकतात. सेटवर दिवसाची रात्र करायला ताडपत्र्या ताणल्या होत्या. तुम्ही काळोखाचाच राखाडी भुगा केलात की पाऊसही गेला. मग शेजारच्याला सांगायला मोकळे, "पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध घातलं होतं, माहितीये?" नव्हतं घातलं. पण सांगा.

स्पीकर ब्लूटूथचाच हवा. वायर कोण ओढत बसणार? साध्या ब्लूटूथ स्पीकरचा आवाज साधारण १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. संवादात ते चालून जातं, म्हणजे चालत नाही, पण लोक सोसतात. टॅप डान्समध्ये, म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी ताल धरायच्या नाचात, मात्र याची खरी गंमत. जलद तुकड्यात सेकंदाला आठ ठोके धरले तर दोन ठोक्यांतलं अंतर १२५ मिलिसेकंद. म्हणजे या पावलाचा आवाज पुढचं पाऊल पडून गेल्यावर येतो. ही गाणी आधी रेकॉर्ड करून त्यावर नाचायचे आणि टॅपचे आवाज नंतर चित्र बघून पुन्हा भरायचे. ठोक्याला ठोका जुळवण्याची ती सगळी मेहनत तुमच्या त्या गोल डब्याने एका झटक्यात निकालात काढली. विनोद असा की या सिनेमाचा विषयच मुळी हा आहे. १९२७, बोलपट नुकताच आलाय, सिनेमातल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला आवाज सरकतो आणि नायिकेच्या तोंडून खलनायकाचा जाड आवाज बाहेर पडतो. त्या प्रसंगाला परवा हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसणार कसं? तासभर सगळं तसंच तर चाललं होतं!

गाणी रिमोटने पुढे पळवायचा सल्ला तर हवाच. "गाण्यांत कथा पुढे सरकत नाही" हे वाक्य पाठ करून ठेवा. इथे गाणी आधी होती. गीतकार आर्थर फ्रीड आणि संगीतकार नॅशिओ हर्ब ब्राउन यांच्या जुन्या गाण्यांचा साठा होता, शीर्षकगीतही १९२९ चं. त्यांच्याभोवती कथा रचण्याचं काम बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांना दिलं होतं. तेव्हा हारातली फुलं काढून टाका आणि दोरा घरी न्या.

आणि निवडक क्षण मोबाइलसाठी उभे कापायला विसरू नका. उभ्या चौकटीत रुंदीचा ४१ टक्के भागच उरतो. 'गुड मॉर्निंग'मध्ये तिघं एका रांगेत नाचतात; मधला माणूस ठेवा, बाजूच्यांचे कोपर ठेवा. १९ वर्षांची डेबी रेनॉल्ड्स मुळात नर्तिका नव्हती, जिम्नॅस्टिक्स करणारी पोर. ते गाणं सकाळी ८ ते रात्री ११ चाललं आणि तिच्या पायांतून रक्त आलं. ते पाय मात्र तुमच्या मथळ्याच्या पट्टीखाली जातात. 'मेक एम लाफ'मध्ये डॉनल्ड ओ'कॉनर एका भिंतीवर धावत चढून कोलांटी घेतो, मग दुसऱ्या, आणि तिसरी भिंत फोडून आरपार जातो. तुमच्या पंधरा सेकंदांत फक्त तिसरी. आधीच्या दोन नाहीत तर ती तिसरी कशासाठी हसवेल, सांगा ना.

बास झालं. अहो, रिमोटवर 'पिक्चर साइझ' असतं. तिथे '४:३' किंवा 'ओरिजिनल' निवडायला दहा सेकंद लागतात. 'मोशन' नावाने जे काही दिसेल ते बंद करा. भडक रंगांचं 'व्हिविड' काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. स्पीकरला वायर लावा. वायर नसेल तर ऑडिओ डिले शोधा, आणि तोही नसेल तर प्रोजेक्टरचा स्वतःचा फुटका स्पीकर वापरा, निदान वेळेवर तरी बोलतो. काळ्या पट्ट्यांवर कुणी ओरडलं तर ओरडू द्या, पाच मिनिटांत त्यालाही त्या दिसेनाशा होतात. माणसं सुट्टीच्या दिवशी, वर्गणी भरून, लांबून आली होती. वर्षभर सभासदांना "अभिजात, अभिजात" म्हणून निरोप पाठवता आणि खेळाच्या दिवशी पंधरा मिनिटं आधी येऊन एक गाणं लावून बघायला होत नाही? पुढच्या वेळी पणती पेटवायच्या आधी नाचाचा कुठलाही तुकडा लावा आणि पडद्याच्या खालच्या कडेकडे बघा. बूट दिसत नसतील तर खेळ सुरू करू नका.